सरकारी शिक्क्यानं वाळीत

इराणमध्ये विद्यापीठात शिकायचं तर कोंकूर नावाची देशव्यापी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. आपल्याकडच्या नीट-जेईईइतकीच तिची धास्ती, अख्खं घर निकालाकडे डोळे लावून बसलेलं असतं. निकाल लागतो तेव्हा काही मुलांना आपले गुण दिसतच नाहीत. नावापुढे फक्त 'फाइल अपूर्ण' असा शेरा असतो. कोणता कागद राहिला, तो कुठे नेऊन द्यायचा, याचं उत्तर कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. राहिलेला असा कागदच नसतो. ती मुलं इराणमध्येच जन्मलेल्या बहाई धर्माची आहेत, एवढंच कारण.

या शेऱ्यामागचा कागद मात्र खरोखर आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी इराणच्या सर्वोच्च सांस्कृतिक क्रांती परिषदेनं 'बहाई प्रश्ना'वर एक गोपनीय टिपण तयार केलं. सर्वोच्च नेते अली खामेनी यांनी त्याला लेखी संमती दिली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे विशेष प्रतिनिधी रेनाल्डो गालिंदो पोल यांनी ते उजेडात आणलं. बहाईंची प्रगती आणि विकास रोखला जाईल अशा रीतीनं सरकारनं त्यांच्याशी वागावं, हा त्या टिपणाचा गाभा. प्रवेशाच्या वेळी किंवा शिकत असताना, जेव्हा कळेल तेव्हा त्यांना विद्यापीठातून काढावं. स्वतःला बहाई म्हणवणाऱ्याला नोकरी देऊ नये. याच टिपणात असंही म्हटलं आहे की, त्यांना विनाकारण देशाबाहेर घालवू नये, विनाकारण तुरुंगात टाकू नये, इतर नागरिकांसारखी बेताची उपजीविका करू द्यावी.

ते वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हा शेवटचा भाग. सरकारनं इथे फार विचार करून एक रेषा आखली आहे. श्वास घेऊ द्यायचा, वाढू द्यायचं नाही. माणसाला मारलं तर जग विचारतं. त्याला पन्नास वर्षं हळूहळू खुरटू दिलं तर कोण विचारणार? हुकूमशाहीतला धार्मिक छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फासाचा दोर आणि छळकोठडी येते. इराणमध्ये तेही घडलं आहे. पण छळाचं मुरलेलं, टिकाऊ रूप अर्जाच्या रकान्यात, परवान्याच्या नूतनीकरणात आणि स्मशानाच्या परवानगीत राहतं. तिथेही त्याला छळच म्हणायला हवं, हे मला या लेखात मांडायचं आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. जातपंचायत हात उगारत नाही. ती फक्त सांगते की, या घराशी देवघेव बंद, यांच्या लग्नाला जायचं नाही, यांच्या मयताला खांदा द्यायचा नाही. या जाचाविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि असा कायदा करणारं ते पहिलं राज्य ठरलं. त्या कायद्यामागचा विचार साधा होता: माणसाला समाजातून तोडणं हा गुन्हा आहे, अंगावर वळ उठलेला नसला तरी. पण गावानं वाळीत टाकलेला माणूस निदान पोलिसांत जाऊ शकतो, कलेक्टरकडे अर्ज करू शकतो. बहाईंना वाळीत टाकणारं तिथलं सरकारच आहे. पोलीस, न्यायालय, विद्यापीठ, नगरपालिका, सगळे त्याच पंचायतीत बसलेले. दाद मागायची कुणाकडे?

बहाई कोण, हे थोडक्यात सांगायला हवं. १८४४ मध्ये शिराझ शहरात एका तरुण व्यापाऱ्यानं स्वतःला 'बाब', म्हणजे दरवाजा, म्हणवून नव्या युगाची घोषणा केली. १८५० मध्ये तबरीझच्या चौकात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या अनुयायांत ताहिरा नावाची विदुषी कवयित्री होती. तिलाही १८५२ मध्ये ठार करण्यात आलं. याच परंपरेतून बहाउल्लाह पुढे आले. इराणच्या शाहनं त्यांना हद्दपार केलं, आणि बगदाद, इस्तंबूल, एदिर्ने असं करत १८६८ मध्ये उस्मानी सुलतानानं त्यांना अक्काच्या तुरुंगवजा किल्ल्यात आणून टाकलं. १८९२ मध्ये त्यांचा मृत्यू तिथेच, अक्काजवळ झाला. सर्व माणसं एक, स्त्रीपुरुष समान, सगळ्या धर्मांचं मूळ एक, ही त्यांची शिकवण. या धर्मात पुरोहितवर्ग नाही. इस्लामनंतर नवा प्रेषित येऊ शकतो हे मानणं आणि धर्मगुरूंची गरजच नाकारणं, या दोन गोष्टी इराणच्या मौलवींना कधीच पचल्या नाहीत. आज इराणमध्ये सुमारे तीन लाख बहाई आहेत असं मानलं जातं. मुसलमानेतरांत त्यांची संख्या सर्वांत मोठी.

अक्का आणि शेजारचं हैफा आज इस्राएलमध्ये आहेत. बहाईंची पवित्र स्थळं आणि जागतिक केंद्र तिथे. म्हणून ते इस्राएलचे हेर, असा आरोप इराणमध्ये चार दशकं सतत केला जातो. बहाउल्लाह अक्काला पोचले ते कैदी म्हणून, आणि इस्राएलचा जन्म त्यानंतर ८० वर्षांनी, १९४८ मध्ये झाला. त्यांना तिथे पाठवणारे दोघेही मुसलमान बादशहा होते. एवढा साधा कालक्रम तेहरानच्या न्यायाधीशांना माहीत नसेल असं नाही. हेरगिरीच्या आरोपाला पुरावा लागत नाही, आणि तो ऐकून शेजारी मागे सरतात. इस्राएलशी तणाव वाढला की बहाईंच्या घरांवर धाडी पडतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा सगळा १९७९ नंतरच्या इस्लामी राजवटीचाच प्रताप आहे, त्याआधी शाहच्या काळात सारं ठीक होतं, असं परदेशात गेलेले अनेक इराणी मानतात. तसं नव्हतं. बहाईंनी तेहरानमध्ये उभारलेली तरबियत शाळा १९३४ मध्ये बंद पाडली ती आधुनिकतेचा पुरस्कार करणाऱ्या रझाशाहच्या सरकारनं. बहाईंनी आपल्या सणाला शाळा बंद ठेवली, हे निमित्त. आणि १९५५ साली जे घडलं त्याचा तर प्रत्येक लोकशाहीवाद्यानं अभ्यास करावा. त्या वर्षीच्या रमजानमध्ये फलसफी नावाच्या मौलवींची बहाईंविरुद्धची प्रवचनं थेट सरकारी रेडिओवरून देशभर ऐकवली गेली. लष्करानं तेहरानमधलं बहाई केंद्र ताब्यात घेतलं. त्याचा घुमट पाडला जात असताना सरसेनापती बातमानकेलिच स्वतः हातात कुदळ घेऊन उभे होते, त्याचं छायाचित्र आहे. त्याच उन्हाळ्यात यझ्दजवळच्या एका खेड्यात जमावानं सात बहाईंना ठार मारलं.

तेव्हा गादीवर असलेल्या शाहला, म्हणजे रझाशाहच्या मुलाला, बहाईंशी काही वैर नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, १९५३ मध्ये, मोसादेक यांचं निवडून आलेलं सरकार उलथवून त्याची गादी शाबूत राहिली होती, आणि त्या काळात बड्या मौलवींनी त्याला साथ दिली होती. त्या उपकाराची परतफेड करायची होती. मौलवींना काहीतरी द्यायला हवं होतं, आणि द्यायला सर्वांत स्वस्त काय होतं? ज्यांच्यामागे मतं नाहीत, सैन्य नाही, शेजारचा देश नाही, असे लोक. परदेशांतून ओरड झाल्यावर सरकारनं हात आखडता घेतला, पण सौदा कसा होतो हे सगळ्यांना कळलं होतं. एकाधिकारशाहीला धर्माचं प्रेम असावंच लागतं असं नाही. तिला पाठिंबा विकत घ्यायचा असतो, आणि असहाय अल्पसंख्य हे तिच्या खिशातलं चिल्लर नाणं ठरतं. पुढे क्रांती झाली तेव्हा त्याच बहाईंवर आरोप आला की ते शाहचे लाडके होते. शाहचे पंतप्रधान होवेदा यांच्या घराण्याचा पूर्वी बहाईंशी संबंध होता, ते स्वतः बहाई नव्हते. तरी एवढ्या धाग्यावर अख्ख्या समाजाला शाहशी बांधून टाकलं गेलं.

१९७९ नंतरची पहिली काही वर्षं रक्ताची. शिराझमधलं बाब यांचं घर, बहाईंचं इराणमधलं सर्वांत पवित्र स्थान, जमीनदोस्त केलं गेलं. २१ ऑगस्ट १९८० रोजी राष्ट्रीय बहाई मंडळाचे नऊही सदस्य एका बैठकीतून पळवून नेले गेले. ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांच्या जागी नवं मंडळ निवडलं गेलं, तर डिसेंबर १९८१ मध्ये त्यातल्या आठ जणांना गोळ्या घातल्या. क्रांतीनंतर आजवर दोनशेहून अधिक बहाईंना ठार करण्यात आलं. हजारो सरकारी नोकर आणि प्राध्यापक काढले गेले, निवृत्तिवेतनं बंद झाली, आणि काहींना तर नोकरीत घेतलेला पगार परत भरा, असे आदेश निघाले.

आणि १८ जून १९८३. शिराझमध्ये त्या दिवशी दहा बहाई स्त्रियांना फाशी दिलं. बहुतेक जणी विशीतल्या. सर्वांत लहान मोना महमूदनेजाद १७ वर्षांची. मुलांना धर्मवर्गात शिकवलं, हा तिच्यावरच्या आरोपांपैकी एक. दोनच दिवस आधी सहा पुरुषांना फाशी दिलं होतं. त्यांतल्या एकाची पत्नी आणि मुलगी या दहा जणींत होत्या. प्रत्येकीपुढे सुटकेचा मार्ग ठेवला होता: 'मी बहाई नाही' एवढं म्हणा, मुसलमान असल्याच्या कागदावर सही करा आणि घरी जा. दहापैकी एकीनंही सही केली नाही.

या जागी काही लोक विचारतात, आणि ते नेहमीच दुष्टपणे विचारतात असं नाही: मग लिहून टाकायचं ना 'मुसलमान'? मनात काय आहे ते कोण बघतंय? प्रवेशअर्जावरही तेच. एक शब्द लिहिला की फाइल पूर्ण होते. व्यवहारी सल्ला आहे, आणि जीव वाचवण्यासाठी कुणी तो पाळला तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण बहाईंच्या श्रद्धेत स्वतःचा धर्म लपवण्याला, नाकारण्याला जागा नाही. सरकारलाही हे पूर्ण माहीत आहे. म्हणूनच तो रकाना तिथे आहे. माणूस खोटं बोलायला तयार असेल तर त्याला सगळं मिळेल आणि खरं बोलला तर काहीच नाही, अशी व्यवस्था जे सरकार रचतं ते कोणत्या धर्माचं रक्षण करतं? जबरदस्तीनं लिहून घेतलेल्या 'मुसलमान' या शब्दानं इस्लामची इज्जत वाढत नाही. शिक्षेचं टोकही इथेच आहे. दोष कैद्याच्या माथी मारता येतो: 'आम्ही तर दार उघडं ठेवलं होतं, तूच बाहेर आली नाहीस.'

शिराझच्या फाशीनंतर जगभरातून निषेध झाला. त्यानंतरच्या वर्षांत फाशी कमी कमी होत गेल्या आणि कागदाचं राज्य सुरू झालं. १९९१ चं टिपण हे त्या बदलाचं घोषणापत्रच म्हणायला हवं. आता दबाव रोजच्या जगण्यावर आला. एप्रिल २००७ मध्ये तेहरानच्या पोलीस खात्यातल्या व्यवसायांवर देखरेख करणाऱ्या कचेरीनं लेखी आदेश काढले: चांगली कमाई होईल अशा धंद्यांचे परवाने बहाईंना देऊ नयेत. खाण्यापिण्याचे व्यवसाय तर नकोतच, कारण त्यांचा स्पर्श अपवित्र मानलेला. या शेवटच्या वाक्यावर मराठी वाचकाला क्षणभर थांबावंसं वाटेल. स्पर्शानं अन्न विटाळतं, ही कल्पना आपण कोणत्या घरांत, कोणत्या पाणवठ्यांवर पाहिली आहे, हे मी सांगायची गरज नाही.

ज्यांची दुकानं उरली, त्यांच्यासाठी दुसरा सापळा. इराणच्या व्यापारविषयक नियमांनुसार दुकानदाराला वर्षातून पंधरा दिवस कारण न देता दुकान बंद ठेवता येतं. बहाईंचे काम बंद ठेवायचे पवित्र दिवस वर्षाला नऊ. म्हणजे नियमात बसतं. तरीही सणाला शटर ओढलं म्हणून दुकानाला सील लागतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका झटक्यात शंभराहून अधिक दुकानं अशी बंद केली गेली. शेतकऱ्यांचीही तीच गत. माझंदरान प्रांतातल्या इवेल गावात बहाई कुटुंबं दीडशेहून अधिक वर्षं शेती करत होती. त्यांना आधी हाकललं, २०१० मध्ये त्यांची घरं पाडली, आणि २०२० मध्ये जमिनीवरचा हक्कही न्यायालयानं काढून घेतला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच प्रांतातल्या रोशनकूह गावात बुलडोझर आले.

मेल्यावरही सुटका नाही. शिराझमधलं बहाईंचं जुनं दफनस्थान २०१४ मध्ये क्रांतिरक्षक दलानं खणून काढायला घेतलं. तिथे सुमारे साडेनऊशे कबरी होत्या. १९८३ च्या त्या दहा जणींच्याही तिथेच. २०२१ मध्ये तेहरानच्या बहाईंना सांगितलं गेलं की तुमचे मृतदेह खावरानमध्ये पुरा. खावरान म्हणजे १९८८ मध्ये ठार मारलेल्या राजकीय कैद्यांना जिथे सामुदायिक खड्ड्यांत पुरलं ती जागा. दुसऱ्यांच्या आईबापांच्या, मुलांच्या अस्थींवर आपली माणसं पुरायला बहाईंनी नकार दिला, आणि ज्यांचे आप्त तिथे होते त्यांनीही त्यांची बाजू घेतली. दोन जखमी समाजांना एकमेकांवर उभं करायचा डाव त्या वेळी तरी फसला.

हे सारं कायद्यात कसं बसतं? इराणच्या राज्यघटनेचं तेरावं कलम वाचा. पारशी, ज्यू आणि ख्रिस्ती, एवढेच मान्यताप्राप्त अल्पसंख्याक, असं ते सांगतं. बहाईंचं नावही नाही. याच घटनेच्या तेविसाव्या कलमात लिहिलं आहे की कुणाच्याही श्रद्धेची चौकशी करता येणार नाही आणि केवळ एखादं मत बाळगलं म्हणून कुणाला त्रास देता येणार नाही. दोन कलमांमध्ये तीन लाख माणसं हरवली. मान्यता नाही म्हणून तुमचा धर्म हा धर्मच नाही, ती 'भ्रष्ट टोळी' आहे, आणि टोळीला श्रद्धेचं संरक्षण कसलं? खुनाबद्दलच्या नुकसानभरपाईचा कायदा पुढे सुधारून मान्यताप्राप्त अल्पसंख्याकांच्या जिवाची किंमत मुसलमानाएवढी केली, तेव्हाही बहाई बाहेरच राहिले. २०२० मध्ये राष्ट्रीय ओळखपत्राच्या अर्जातला 'इतर धर्म' हा पर्यायही काढून टाकला. ओळखपत्र नसेल तर बँक नाही, वाहन परवाना नाही. आता एकतर खोटं लिहा किंवा कागदोपत्री नाहीसे व्हा.

माझं ठाम मत असं की इथे मूळ चूक यादीत नाव नसण्याची नाही, यादी असण्याची आहे. काही सहानुभूतीदार म्हणतात, तेराव्या कलमात बहाईंना चौथं स्थान द्या. तसं झालं तर लाखो लोकांचा श्वास मोकळा होईल हे खरं, म्हणून मी त्याला विरोध करणार नाही. पण यादीत असलेल्यांचं काय झालं तेही पाहा. यझ्द शहराच्या नगरपरिषदेवर सेपंता निकनाम हे पारशी सदस्य २०१७ मध्ये पुन्हा निवडून आले. मतं मुसलमान शेजाऱ्यांनीच दिली होती. मुसलमानबहुल शहरात बिगरमुसलमान प्रतिनिधी चालणार नाही, या एका वयोवृद्ध आयातुल्लांच्या अभिप्रायावरून त्यांना निलंबित केलं गेलं, आणि परत बसायला पुढचं वर्ष उजाडलं. यादी ज्यानं केली तो ती केव्हाही आखडू शकतो. तिनं मिळतं ते अभयदान, हक्क नाही.

भारताच्या घटनेचं पंचविसावं कलम याच्याशेजारी ठेवून पाहावं. ते 'सर्व व्यक्तीं'ना सदसद्विवेकाचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. कोणत्या धर्माच्या, ते विचारत नाही. केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या सहा अल्पसंख्याक धर्मांत बहाई नाहीत, तरी त्यांना दिल्लीत कमळाच्या आकाराचं उपासना मंदिर बांधता आलं. त्याचा वास्तुशिल्पी इराणी बहाई होता. आपल्याकडे सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. घटनेत लिहिलेलं आणि रस्त्यावर घडणारं यात केवढं अंतर पडतं हे रोजचं वर्तमानपत्र सांगतं. पण हक्क माणसाला चिकटलेला असला की भांडायला पाय टेकवायची जागा राहते. इराणच्या बहाईंना ती जागाच नाही.

तरी ते काय करत आले आहेत हे बघितलं की मान लवते. बंड नाही, हिंसा नाही. १९८३ मध्ये सरकारी वकिलांनी त्यांच्या संस्थांवर बंदी घातली तेव्हा त्यांनी त्या स्वतः विसर्जित केल्या. विद्यापीठांची दारं बंद झाली तर १९८७ मध्ये त्यांनी आपलंच विद्यापीठ सुरू केलं. बहाई उच्चशिक्षण संस्था हे त्याचं नाव. तिला आवार नाही, इमारत नाही. नोकरीवरून काढलेले प्राध्यापक दिवाणखान्यांत गणित, रसायन, स्थापत्य शिकवत. पाठ टपालानं जात, पुढे इंटरनेटवरून. १९९८ मध्ये देशभर सुमारे पाचशे घरांवर धाडी घालून पुस्तकं, संगणक, प्रयोगशाळेची उपकरणं उचलून नेली. २०११ मध्ये पुन्हा धाडी पडल्या, आणि शिकवणाऱ्यांना चार-पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. वर्ग थांबले नाहीत. ज्ञान नाकारणं हे किती जुनं आणि किती परिणामकारक हत्यार आहे, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. घराच्या पडवीत शाळा भरवणाऱ्यांवर शेण फेकलं गेलेलं याच मातीनं पाहिलं आहे.

इराणी समाजही जागचा हलला आहे, आणि हा या कहाणीतला सर्वांत आशेचा भाग मला वाटतो. २००८ मध्ये बड्या आयातुल्ला मोन्तझेरींनी जाहीर केलं की बहाई या देशाचे नागरिक आहेत, या पाण्यामातीवर त्यांचा हक्क आहे. मोन्तझेरी म्हणजे १९७९ च्या क्रांतीचे नेते खोमेनी यांचे एके काळचे नियुक्त वारस. पुढच्याच वर्षी अनेक इराणी लेखक, विचारवंतांनी 'आम्ही शरमिंदे आहोत' असं खुलं पत्र लिहिलं: दीड शतक छळ झाला आणि आम्ही गप्प बसलो. याच सुमारास बहाईंचं कामकाज अनौपचारिकपणे पाहणाऱ्या सात जणांना अटक होऊन त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. त्यांचं वकीलपत्र नोबेल पारितोषिक मिळालेल्या शिरीन एबादी यांच्या गटानं घेतलं होतं. त्या सातांपैकी फरिबा कमालाबादी २०१६ मध्ये काही दिवसांच्या रजेवर घरी आल्या, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानी यांची कन्या फाएझेह हाशमी त्यांना भेटायला गेल्या. दोघी एव्हिन तुरुंगात एकत्र होत्या. एका भेटीवरून देशात गदारोळ उठला, खुद्द वडिलांनी मुलीला जाहीर दोष दिला. हाशमी मागे हटल्या नाहीत.

वाळीत टाकण्याची प्रथा मोडते ती अशीच, कुणीतरी पहिल्यांदा त्या घरात जाऊन चहा पितं तेव्हा. म्हणूनच सरकारला अशा भेटींची एवढी भीती. कमालाबादी आणि त्यांच्या सहकारी, कवयित्री महवश साबेत, दोघींनी दहा वर्षं तुरुंगात काढली. ३१ जुलै २०२२ रोजी त्यांना पुन्हा पकडलं आणि आणखी दहा दहा वर्षांची शिक्षा सुनावली. साबेत तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या.

आता आपला प्रश्न. नोव्हेंबर २०२२ मध्ये इराणमधल्या दडपशाहीची चौकशी करायचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. चाबहार बंदर, मध्य आशियाची वाट, ही कारणं खरी आहेत. परराष्ट्र धोरण भावनेवर चालत नाही, हेही मान्य. 'दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात आपण पडू नये', 'या विषयावर बोलणं म्हणजे अमेरिका-इस्राएलच्या युद्धखोरीला हातभार', असं सांगणारे मित्र मला भेटतात. बॉम्ब टाकून बहाईंची मुक्तता होईल असं मीही मानत नाही. बाहेरच्या प्रत्येक हल्ल्यानंतर हेरगिरीचा तोच आरोप आणखी धारदार होऊन त्यांच्यावर येतो, म्हणून युद्धाला तर विरोधच हवा. पण गप्प राहणं हा युद्धाचा पर्याय कसा होईल?

मुंबईनंच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हाटरिया यांना इराणला पाठवलं. यझ्द आणि केरमानमधले पारशी तेव्हा जिझिया कराखाली आणि रोजच्या अपमानाखाली पिचत होते. माणेकजींनी शाळा काढल्या, अर्ज केले, शाहच्या दरबारी खेटे घातले, परदेशी वकिलातींमार्फत दबाव आणला. १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला. अठ्ठावीस वर्षं लागली. याला अंतर्गत कारभारात ढवळाढवळ म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण गोळी एकही सुटली नाही. आपण ज्या इराणी हॉटेलांत ब्रून मस्का खाल्ला त्यांचे मूळ मालक बहुतांशी याच यझ्द परिसरातून आलेले. त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी पुढे बहाई धर्म स्वीकारला. या धर्माचे आरंभीचे ग्रंथ मुंबईच्या शिळाछापखान्यांत छापले गेले, आणि पाचगणीची न्यू एरा शाळा बहाईंनी १९४५ मध्ये सुरू केलेली आहे. तेव्हा हा विषय आपल्याला दूरचा नाही.

सरकारनं तेहरानशी बोलताना हा विषय काढावा, ही मागणी आहेच. पण महाराष्ट्राच्या हातात त्याहून जवळची एक गोष्ट आहे. पुण्यात इराणी विद्यार्थी कित्येक वर्षांपासून शिकायला येतात. बहाईंच्या त्या घरगुती विद्यापीठातून पदवी घेतलेल्या मुलांना अमेरिका, कॅनडा, युरोप, ऑस्ट्रेलियातल्या अनेक विद्यापीठांनी पदव्युत्तर प्रवेश दिला आहे. परदेशी पदवीला समकक्षता देताना आपण ती संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त आहे का ते पाहतो. बोगस पदव्या रोखायला हा नियम योग्य आहे. मात्र बहाई मुलांच्या बाबतीत तो पाळायचा म्हणजे, ज्यानं यांना विद्यापीठातून हाकललं त्याच सरकारकडून यांच्या शिक्षणाचा दाखला मागायचा. विद्यापीठं अशा विद्यार्थ्यांची स्वतंत्र प्रवेशचाचणी घेऊ शकतात. त्यांनी केलेला अभ्यासक्रम आणि उत्तरपत्रिका तपासू शकतात. विद्वत परिषदांनी ठराव करून समकक्षतेच्या नियमात छळग्रस्त विद्यार्थ्यांसाठी अपवाद मागावा, राज्यानं केंद्राकडे त्याचा पाठपुरावा करावा, आणि पुण्यातल्या एखाद्या विद्यापीठानं येत्या शैक्षणिक वर्षापासूनच त्याची सुरुवात करावी.